उरलेल्या तासांचा हिशेब

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ज्युदो, गुरुवारी संध्याकाळी मी घेते तो योगाचा वर्ग आणि शनिवारी दुपारी सिनेमा. लायडनला राहायला आल्यापासून गेली दोन वर्षं माझा आठवडा या खुंट्यांवर टांगलेला आहे. मधल्या जागेत नोकरी. नद्यांच्या मुखाशी गाळ कसा साचतो याची गणितं मांडायची पोस्टडॉकची नोकरी. करार संपायला चौदा महिने उरलेत आणि पुढचं काही ठरलेलं नाही.

"तुला एवढा वेळ मिळतो तरी कसा?" हा प्रश्न मला दोन ठिकाणी ऐकावा लागतो. एक कामावर, जिथे त्यात कौतुकाबरोबर थोडी शंकाही असते. दुसरा फोनवर, आईकडून. तिचं म्हणणं सरळ असतं: "अगं, डॉक्टरेट करून तू लोकांना हातपाय हलवायला शिकवतेस?"

गेल्या हिवाळ्यात एक शोधनिबंध परत आला, दुसरा अडकला, आणि मी ज्युदो बुडवायला लागले. मग सिनेमा सुटला. फेब्रुवारीत एका रात्री योगवर्ग बंद करत असल्याचं पत्र वस्तीतल्या सामाजिक केंद्रासाठी लिहून ठेवलं, पण पाठवलं नाही. त्याच रात्री करारातली दुसरीच काही अट बघायला तो उघडला आणि एका आकड्यावर नजर अडकली. पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला ३८ तास. आकडा रोजचाच, पण तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ३८च का? ४० का नाहीत? हे दोन तास कोणी काढून ठेवले?

मी इतिहासकार नाही. पण गाळाचा अभ्यास करणाऱ्याला एक सवय असते. साचलेला थर दिसला की तो कुठून वाहत आला ते शोधायचं.

वासेनार आणि लालबाग

त्या दोन तासांचा माग लागला तो माझ्या घरापासून सायकलने पाऊण तासावर. वासेनार हे हेगजवळचं श्रीमंतांचं, बागांचं गाव. १९८२ साली नेदरलँड्समध्ये बेकारी भयंकर वाढलेली होती. त्या नोव्हेंबरात कामगार संघटनांचे नेते विम कोक आणि मालकांच्या संघटनेचे प्रमुख क्रिस फान फेन यांच्यात समझोता झाला. बोलणी फान फेन यांच्या वासेनारमधल्या घरी झाली म्हणून त्याला वासेनार करार म्हणतात. महागाईबरोबर आपोआप वाढणाऱ्या पगाराचा हट्ट कामगारांनी सोडायचा आणि त्या बदल्यात कामाचे तास कमी करायचे, म्हणजे आहे ते काम जास्त हातांत वाटलं जाईल, असा तो व्यवहार होता. पुढच्या काही वर्षांत अनेक क्षेत्रांतला ४० तासांचा आठवडा ३८ वर आला. कोक पुढे देशाचे पंतप्रधान झाले.

१९८२ हे साल वाचलं आणि मी थांबले. आमच्या घरात ते साल वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नेते दत्ता सामंत. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. त्या अडीच लाखांत माझे आजोबा एक होते. लालबागच्या एका गिरणीत साच्यावर काम करायचे, वय बावन्न.

एकाच वर्षात इथल्या कामगाराला कमी तास मिळाले आणि तिथल्या कामगाराचं सगळं कामच गेलं. आजोबांकडे त्यानंतर वेळच वेळ होता. त्याला फावला वेळ म्हणायची मात्र घरात कोणाची छाती नव्हती. मी त्यांना पाहिलं ते नव्वदच्या दशकात, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, भोंगा वाजायच्या वेळी अजूनही मान वळवणारे. काम असेल तरच कामानंतरच्या वेळेला चव असते, हे मी पुस्तकातून शिकलेले नाही.

रविवार कोणी आणला?

मग मागे जात राहिले. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' पत्र चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाला तर भरपाई. अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. सूर्यास्तापर्यंतचं काम ही तेव्हा मागणी होती, तक्रार नव्हे.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. त्यांची भाषणं शब्दशः हाती असती तर किती बरं झालं असतं. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण 'संडे' म्हणून लोळतो तो मुंबईतला रविवार असा आलेला आहे.

युरोप या बाबतीत फार पुढे असेल असा माझा समज होता. नेदरलँड्सचा पहिला सर्वसाधारण कामगार कायदा १८८९ चा. त्यात स्त्रिया आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ११ तास. भारतातला सुधारलेला फॅक्टरी कायदा १८९१ चा. त्यातही स्त्रियांना ११ तास. आकडा तोच, अंतर दोन वर्षांचं. प्रौढ पुरुषाच्या तासांना दोन्हीकडे मर्यादा नाही.

फरक पडला तो नंतर. अ‍ॅमस्टरडॅमच्या हिरे कामगारांनी १८९४ मध्ये संघटना बांधली. तिचा अध्यक्ष हेन्री पोलाक याचा आग्रह असा की कामगाराला भाकरीबरोबर ग्रंथालयही हवं. त्या संघटनेने १९११ मध्ये आठ तासांचा दिवस मिळवला. युरोपभर क्रांतीचे वारे वाहत असताना १९१९ च्या कायद्याने तो साऱ्या देशाला मिळाला: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४५. तीनच वर्षांत मालकांनी तो आकडा ४८ वर रेटून नेला, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. मिळालेले तास परत जाऊ शकतात.

मुंबईत उलट घडत होतं. १९०५ च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच संपली. दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा आली १९११ मध्ये, तीही १२ तासांची. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. तोच आकडा स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कायम झाला. तो कायदा लागू झाला १ एप्रिल १९४९ ला. माझे आजोबा पाटण तालुक्यातून मुंबईला आले ते त्याच वर्षी, एकोणीस वर्षांचे. आठ तासांच्या पाळीची संध्याकाळ त्यांना तयार मिळाली. ती कोणी मिळवली हे त्यांना कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी काय करायचं?

कामगाराला वेळ मिळाला तर तो दारूच्या गुत्त्यात जाईल, ही काळजी मुंबईच्या मालकांना होती आणि हॉलंडच्या पाद्र्यांनाही. प्रत्यक्षात तो कुठे गेला? मुंबईत बऱ्याच अंशी तालमीत आणि सिनेमाला.

आजोबांची पहिली पाळी असली की संध्याकाळ तालमीची. जोर, बैठका, लाल मातीत दोन पकडी, सणाच्या आधी लाठीचे हात. मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिणारे राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलंय की गिरणगावातली तालीम नुसती व्यायामाची जागा नव्हती. वस्तीतले दादा तिथे तयार होत, मिरवणुका तिथून निघत, संपाच्या वेळी माणसं तिथे गोळा होत. गावाहून आलेल्या पोराला शहरात ओळख मिळे ती तिथे. मी लायडनच्या ज्युदो क्लबात पहिल्यांदा गेले तेव्हा डच धड येत नव्हतं. पण कोणाची कॉलर धरून त्याला जमिनीवर आणायचं आणि मग हात देऊन उठवायचं, याला भाषा लागत नाही. नाव विचारायच्या आधी लोकांना माझी पकड ठाऊक झाली. आजोबांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते.

ज्युदोच्या इतिहासातही एक कामगार उभा आहे. उट्रेख्तचा अंतोन खेसिंक बांधकामावर मजुरी करायचा आणि उरलेल्या वेळात सराव. १९६१ मध्ये पॅरिसला तो जगज्जेता झाला. १९६४ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, तेव्हा खुल्या गटाच्या अंतिम लढतीत त्याने जपानच्या अकिओ कामिनागाला जपान्यांच्याच घरात हरवलं. आनंदाने मॅटवर धावत येणाऱ्या आपल्या लोकांना त्याने हात वर करून जागच्या जागी थांबवलं. प्रतिस्पर्ध्याचा मान आधी. आमच्या क्लबात ही गोष्ट दर नव्या मुलाला सांगितली जाते. हाच खेसिंक पुढे एका इटालियन चित्रपटात सॅमसन झाला.

कसरत आणि पडदा यांचं हे नातं आपल्याकडे जुनंच आहे. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरातल्या कंपनीत सुरुवात केलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजीच्या मूकपटांचे नायक झाले आणि १९३१ च्या 'आलम आरा'चेही. १९३५ मध्ये वाडिया मूव्हीटोनची 'हंटरवाली' आली. नादिया चाबूक घेऊन गुंडांना लोळवायची आणि सर्वांत पुढच्या, सर्वांत स्वस्त बाकांवरून शिट्ट्या पडायच्या. तिथे बसलेल्यांत गिरण्यांमधले लोक मोठ्या संख्येने असत. दिवसभर मुकादमाचं ऐकून घेतलेल्या माणसाला ते का आवडत असेल, हे समजायला चित्रपटशास्त्र लागत नाही.

अ‍ॅमस्टरडॅमचं टुशिन्स्की चित्रपटगृह उघडलं ऑक्टोबर १९२१ मध्ये, आठ तासांच्या कायद्यानंतर दोन वर्षांनी. आब्राहाम टुशिन्स्की हा पोलंडचा ज्यू शिंपी. अमेरिकेला जायला निघाला आणि रॉटरडॅमला बोट पकडायच्या ऐवजी तिथेच राहिला. स्वतःसारख्या स्थलांतरितांसाठी खाणावळवजा वसतिगृह चालवता चालवता सिनेमाच्या धंद्यात शिरला. त्याचं चित्रपटगृह एखाद्या राजवाड्यासारखं आहे. तिकीट काढलेल्या शिंप्याला, मोलकरणीलाही त्याच गालिच्यावरून आत जाता यावं असं. १९४२ मध्ये नाझींनी त्याला आउश्वित्झमध्ये मारलं. शनिवारी तिथे गेले की दिवे मंद होण्याआधी मी एकदा वर छताकडे बघते.

उरला योग. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ मध्ये स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, सुरुवातीला बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेतले शिष्य. लाठी, कुस्ती, कवायत. मग अमळनेरला शिक्षकी आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचं प्राचार्यपद. मधल्या काळात नर्मदेकाठी मालसरला माधवदासजींकडे योग. म्हणजे मारधाडीची विद्या, योग आणि पगाराची नोकरी हे त्रांगडं सांभाळणारी मी काही पहिली मराठी व्यक्ती नव्हे. त्यांनी आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते क्ष-किरणांनी तपासलं आणि योग शाळांत, वर्गांत शिकवण्याजोगा केला. त्याआधी १९१८ मध्ये योगेंद्रांनी मुंबईत वर्सोव्याला काढलेली संस्थाही संसारी माणसासाठीच होती. गुहेतला योग घड्याळात बसला तो अशा लोकांमुळे. माझा गुरुवारचा सव्वा तासाचा वर्ग त्याच घड्याळावर चालतो.

आजीचे तास

इथवर हिशेब जुळत आला होता. मग आईला फोन केला, आजोबांच्या तालमीचं नाव विचारायला. ती म्हणाली, "नाव कोणाला आठवतंय? मला आठवते ती तुझी आजी. तालमीतून आलेली सात-आठ माणसं आमच्या खोलीत जेवायला बसायची."

आजी खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, चुलीच्या जागी पुढे स्टोव्ह, आणि दोन वेळचं वीस-पंचवीस माणसांचं जेवण. एकटे राहणारे गिरणी कामगार महिन्याच्या हिशेबाने जेवत आणि पगार झाला की पैसे देत. पाळ्या तीन, म्हणून जेवणंही तीन वेळांना. पहिल्या पाळीच्या लोकांसाठी ती पहाटे चारला उठायची, दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्रीनंतर यायचे. फॅक्टरी कायद्यातला ४८ चा आकडा तिच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबला होता. गिरणगावाचे संप खाणावळवाल्यांच्या उधारीवर उभे राहिले, आणि पैसे थकले की वाण्याचं कर्ज त्यांच्याच डोक्यावर यायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांचं काम हे काम आहे असं कागदावर आलं.

आईच्या आठवणीत आजीने चित्रपटगृहात जाऊन पाहिलेला एकच सिनेमा आहे, 'सांगत्ये ऐका'. १९५९ चा, हंसा वाडकरांचा. पुण्यात तो १३१ आठवडे चालला. आजीने तो पाहिला मध्यंतरापर्यंत. मग स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून उठून आली. शेवट तिला आजोबांनी सांगितला.

हे ऐकल्यावर माझ्या खुंट्या हलल्या. आजोबांची तालीम, पडद्यासमोरचा स्वस्त बाक, लोखंड्यांनी आणलेला रविवार, हे सगळं खरं. पण त्या प्रत्येक मोकळ्या तासाखाली कोणाचा तरी कामाचा तास होता. महालक्ष्मीला भाषण करून त्या दोघी घरी गेल्या असतील आणि चूल पेटवली असेल. नेदरलँड्समध्येही गोष्ट फार वेगळी नाही. इथला सरासरी आठवडा ३२ तासांच्या आसपास, युरोपीय संघात सर्वांत कमी, याचं मोठं कौतुक होतं. पण ती सरासरी खाली येते कारण नोकरी करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका अर्धवेळ काम करतात. उरलेला वेळ घरात जातो आणि तो कोणत्याही सरासरीत धरत नाहीत.

लायडनमध्ये शिकवणारा थोर इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' लिहिलं, खेळणाऱ्या माणसाबद्दल. आपल्याला त्याचं अगत्य वाटावं असं एक कारण आहे. त्याची डॉक्टरेट, १८९७ ची, संस्कृत नाटकातल्या विदूषकावर होती. त्याच्या मते खेळ म्हणजे मोकळेपणाने केलेली गोष्ट, रोजच्या गरजांच्या बाहेरची, स्वतःच्या वेळेची आणि जागेची कुंपणं असलेली. मला हे पटतं. मॅटवर उतरताना मी वाकून नमस्कार करते तेव्हा ते कुंपण मला दिसतं. पण कुंपणाबाहेर कोण उभं आहे, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

शनिवार सकाळ

योगवर्ग बंद करायचं ते पत्र मी पाठवलं नाही. माझे ३८ तास संपले की संगणक बंद करते. नेहमी जमतं असं नाही. इथल्या विद्यापीठांतल्या लोकांनी २०१७ पासून कामाच्या ताणाविरुद्ध चळवळ उभी केली आहे. लाल कापडाचा छोटा चौकोन हे तिचं चिन्ह. तो आता माझ्याही कोटावर आहे. करार तात्पुरता असलेल्या माणसाने तो लावावा की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. आजोबा पहिली दोन वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी दारात उभं राहायचं, घेतलं तर काम. माझ्यामागे दार आहे, पगार आहे, दोघांची तुलना होणार नाही. तरी आपल्याला ठेवतील ना, या भीतीने स्वतःचे तास स्वतःच देऊन टाकायचे, ही खोड मात्र तीच आहे, आणि ती ओळखता आली की निम्मी सुटते.

आमच्या इमारतीची सफाई संध्याकाळी सहानंतर होते. सफाई करणाऱ्या बाईंशी माझी जिन्यात ओळख झाली. कंबर दुखते म्हणाल्या. मी वर्गाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, गुरुवारी संध्याकाळी? तेव्हा तर मी तुमच्या टेबलाखाली असते.

आता वर्ग शनिवारी सकाळी दहाला असतो. शुक्रवारच्या ज्युदोने अंग ठणकत असतं आणि वर्ग आटपून दुपारचा सिनेमा गाठायचा तर धावपळ होते, बरेचदा सुरुवात चुकते. चालायचंच. आमच्या घरात शेवट चुकायची पद्धत होती, त्यापेक्षा हे बरं. त्या बाई येतात, भिंतीकडेची जागा धरतात आणि शवासनात पहिल्या मिनिटाला झोपतात. मी त्यांना उठवत नाही. वर्ग संपल्यावर खोली अजून दहा मिनिटं आमचीच असते.